नादसभेच्या मंचावर

प्रिय आक्का,

फोनवर तू ‘बरं हाय’ एवढंच म्हणतेस आणि ठेवून देतेस, म्हणून आज लिहायलाच बसले. माझ्या सासऱ्यांच्या, आप्पांच्या, डोळ्याचं ऑपरेशन बीडला झालं आणि परवा पट्टी सुटली. दवाखान्यातून बाहेर पडलो तर ऊन रणरणतं. डॉक्टरांनी उन्हात फिरू नका म्हणून बजावलेलं, आणि सिरसाळ्याची गाडी दुपार कलल्यावर. भर बाजारात एक दगडी कमान दिसली, तिच्या सावलीला टेकलो. वर पाटी होती, ‘नादसभा मंडळ’. आतून एक किडकिडीत म्हातारे गृहस्थ आले. मंडळाचे कार्यवाह, भागवत सर. म्हणाले, बाहेर कशाला बसता, आत थंड आहे.

आक्का, आत पाऊल टाकलं आणि चपला कधी काढल्या ते मलाच कळलं नाही. कडब्याच्या दोन गंजी एकीवर एक रचल्या तरी छताला टेकणार नाहीत, एवढी उंची. सागवानी खांब माझ्या कवेत मावेनात. वरच्या रंगीत काचांतून तांबडा-हिरवा उजेड फरशीवर सांडलेला. बाहेर रिक्षांचा कलकलाट, आत देवळातली शांतता. सर सांगत होते, निजामाच्या अमदानीतलं बांधकाम आहे. तेव्हा माईक नव्हते, म्हणून छताला असा बाक दिलाय, की मंचावरचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जावा. भिंतीवर गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या तसबिरी होत्या, पण आप्पांची नजर छताला खिळलेली. दोन वर्षं या माणसाला दावणीचे बैल ओळखू येत नव्हते. हळूच मला म्हणाले, “वने, वर लाकडात येल कोरलाय ना गं? पानं दिसालीत मला.” डोळ्याला पाणी लागू देऊ नका असं डॉक्टर म्हणाले होते, पण ते आतूनच आलं, त्याला कोण काय करणार.

मग आप्पांनी भलतंच काढलं. मला म्हणाले, मंचावर जा आणि काहीतरी म्हण, किती लांब जातंय बघू. सासऱ्यापुढं मी कधी मोठ्यानं बोललेली नाही, गाणं तर लांबच. सरांनीही आग्रह केला, म्हणून चढले. तोंडात आली ती तुझीच ओवी, आईच्या हातांवर तू खुरपताना रचलेली. पहिली ओळ तोंडातून निघाली आणि आक्का, ती माझी राहिलीच नाही. छतानं ती उचलली, खांबाखांबांतून फिरवली, आणि पार मागं जाऊन उभ्या राहिलेल्या सरांनी ऐकू आलं म्हणून हात वर केला. एवढा मोठा आवाज आपल्यासारखीच्या पोटात असतो, हे कुणी सांगितलंच नव्हतं.

पण पुढं गाता येईना. ल्हानपणापासून दुसरी ओळ तू उचलायचीस. सरांनी विचारलं, का थांबलात? मी म्हणाले, पुढचं माझ्या बहिणीचं हाय. सर जवळ येऊन बसले. पुढच्या महिन्यात मंडळाचा उत्सव आहे, एक संध्याकाळ बायकांच्या ओव्यांची ठेवलीय, दोघी या म्हणाले.

मला राहवलं नाही. सोमेश्वरदाजी गेल्यापासून तू मुकी झालीस. दिंद्रुडपासून आमच्या सिरसाळ्यापर्यंत एक हळद तुझ्या गाण्याशिवाय लागत नव्हती, आणि राजनंदिनीच्या, आपल्या सख्ख्या भावाच्या लेकीच्या हळदीत आपल्याच चुलतीनं तुला उठवून माजघरात बसवलं. मी सरांना ते सगळं सांगितलं. विचारलं, माझी बहीण विधवा हाय, हळदीत तिला गाऊ देत न्हाईत, या मंचावर चालंल का? सर म्हणाले, “ताई, ओवी त्यांचीच आहे ना? मग त्यांच्याशिवाय कोण म्हणणार?” हे तुला सांगायलाच पत्र लिहितेय. आप्पा भजनातला त्यांचा जुना मृदंग काढून बसलेत, त्याच्या पुडीला नवी शाई भरून आणलीय, तुझ्या ओवीला साथ करायची म्हणतात. पुनवेला मी तुला न्यायला दिंद्रुडला येते. ‘कोणतं लुगडं नेसू’, ‘लोक काय म्हणतील’, ते तुझं सगळं गाडीत बसल्यावर बोलू.

तुझीच,
वनमाला