भावोजी आणि ती सरोजा

मद्रास, १४ जून १९६४

चि. सौ. राजस, अक्काचे आशीर्वाद.

तुझे भावोजी बरे आहेत, काळजी करू नकोस. मानेतली रक्ताची शीर अरुंद झालीय, म्हणून मधूनमधून वाचा जाते. गोळ्यांनी रक्त पातळ ठेवायचं, नाहीतर मान उघडून शीर साफ करायची, असं डॉक्टर म्हणाले. ऑपरेशनसाठी मी दोन दिवस विनवलं, तर हे कूस वळवून झोपले. नर्स सरोजानं एकदा सांगितलं, लगेच तयार!

मला जन्मभर नुसतं ‘अगं’. तिला मात्र ‘सरोजा, सरोजा’! मी केलेलं सारसुद्धा तिच्याच हातून पितात.

ऑपरेशन उद्या आहे. माझी मुलं तुला त्रास देत नाहीत ना?

शुद्धीवर आल्यावर पहिलं नाव तिचं घेतलं तरी चालेल गं. बोलू देत फक्त.

तुझी अक्का,
तुळजा