नायक गॅलरीत उभा आहे

१ फेब्रुवारी, सकाळी ९:४०
आजपासून तीन महिने रजा. कादंबरी. अर्जात कारण लिहिलं होतं, 'अंतर्संघर्षाचा शोध'. साहेबांनी ते खोडलं, वर 'घरगुती' लिहिलं आणि सही केली. आवक-जावक विभागात बावीस वर्षं काढलेल्या माणसाकडे केवढी अनुभवसंपदा असते, हे साहेबांना कळायचं नाही.
संकल्प: (१) पहाटे चारला उठणे. (२) रोज दहा पानं. (३) लिहिलेलं मागे वळून न वाचणे. प्रवाह तुटतो.
पहिला संकल्प उद्यापासून. आज उठेपर्यंत चार वाजून गेले होते.

२ फेब्रुवारी, सकाळी ८:५५
गजर कोणीतरी बंद केला. ही म्हणते, मीच केला.
अर्पणपत्रिका पूर्ण. आता फक्त लेखन उरलं.

४ फेब्रुवारी
थीम पक्की: आधुनिक पुरुषाचं एकटेपण. अडचण एकच, एकटेपणावर लिहायला घरात एकांत नाही. ही साडेनऊला चष्म्याच्या दुकानात कामाला जाते ती संध्याकाळी साडेसातला उगवते. मधल्या दहा तासांत सासूबाई असतात. काही बोलत नाहीत, पण न बोलताही माणूस घरात असतोच.

७ फेब्रुवारी
एकूण चार पानं. नायक गॅलरीत उभा आहे. आतून खदखदतो आहे. त्याला नाव दिलेलं नाही. वैश्विक राहावा म्हणून.
माझं अक्षर मलाच लागत नाही. टाइप करून घ्यायला हवं. सासूबाईंनी कोर्टात चौतीस वर्षं साक्षीदारांचे जबाब टाइप केले. निवृत्तीनंतर त्यांचा वेळ जात नाही, अशी माझी समजूत आहे. त्यांना ही संधी द्यायचं ठरवलं. त्या म्हणाल्या, बघू.

९ फेब्रुवारी
सासूबाईंना शंका फार. नाव काय, वय काय, धंदा काय? नावाशिवाय जबाब घेता येत नाही म्हणे. मी वैश्विकता म्हणजे काय ते समजावलं. अर्धा तास. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, बरं, पण या गृहस्थाला नेमकं झालंय काय?
उत्तर देता आलं असतं. पण लेखकाने सगळंच सांगायचं नसतं.

१५ फेब्रुवारी
संघर्ष अडला. लेखनकलेच्या व्हिडिओत सांगतात, पात्राला काहीतरी हवं असावं आणि ते सहजासहजी मिळू नये. बरोबर आहे. नायकाला प्रमोशन हवं होतं. पान अकरावर नाकारलं. मग दिवसभर मीच बेचैन. इतका सज्जन माणूस, त्याला उगाच का छळायचं? पान बारावर देऊन टाकलं. मग कुठे जेवण गेलं.

१८ फेब्रुवारी
सासूबाईंचा हिच्यामार्फत निरोप: या गृहस्थांचं सगळं मनासारखं होतंय, तर ते अजून गॅलरीत का?
सूक्ष्म लेखन सगळ्यांना झेपत नाही.

२२ फेब्रुवारी
आज नायिका आणली. नायकाची पत्नी. तिचं काम समजून घेणे. संवाद दिलेले नाहीत, डोळ्यांनीच बोलते. मात्र हल्ली समीक्षक विचारतात, बाईचा संघर्ष कुठे आहे? तिलाही एखादा द्यायला हवा. सध्या कंस टाकून ठेवले: (येथे नायिकेचा अंतर्संघर्ष. नंतर लिहिणे.) असे एकोणीस कंस. कंसांमुळे आज पहिल्यांदा दहा पानं झाली.

१ मार्च
कंस आहेत तसेच टाइप करा, असं सांगायला गेलो. सासूबाई म्हणाल्या, कोर्टाच्या कागदावर मोकळी जागा सोडत नाहीत, मागाहून कोणीही काहीही भरतं. मी म्हटलं, तुम्हाला योग्य वाटेल तसं करा. टायपिस्टच्या कामात लेखकाने नाक खुपसू नये.

१२ मार्च
रोज संध्याकाळी स्वयंपाकघरात मायलेकींची बैठक. ही बोलते आणि सासूबाई वहीत शॉर्टहँडच्या रेघोट्या ओढतात. महिन्याच्या सामानाची यादी असणार. पण तासभर? आज हिचा आवाज रडवेला वाटला. कांदा चिरत असेल. मी दार लावून घेतलं. नायक ऐन भरात होता.

१३ मार्च
कांदा नव्हता. काल जेवायला आदल्या दिवशीचंच होतं. विचारायचं राहून गेलं.

२० मार्च
कादंबरी संपली! नायकाला शेवटी स्वतःचा शोध लागतो. गॅलरीतच.
हिशेब केला. मी लिहिलेली पानं एकसष्ट. टाइप झालेली दोनशे एक. टाइप केल्यावर मजकूर वाढतो असं दिसतं. मला वाटत होतं कमी होतो.

५ एप्रिल
प्रकाशन संस्थेकडे रवाना. तिसरा संकल्प काटेकोर पाळला, एकही ओळ परत वाचली नाही. तीन संकल्पांतला एक पुरा, म्हणजे तेहतीस टक्के. पासिंगला दोन कमी.
ऑफिसात तिघांना फोन करून कळवलं. साहेब म्हणाले, छान, दोन मेला वेळेवर या.

२२ एप्रिल, दुपारी
प्रकाशन संस्थेच्या संपादिकाबाईंचा फोन! पुस्तक करू म्हणाल्या. बाईचं पात्र जबरदस्त उतरलंय, वाचताना दोनदा थांबावं लागलं म्हणाल्या. मी म्हटलं, स्त्रीमनाचा माझा अभ्यास जुना आहे.
संध्याकाळी हिला सांगितलं. ही कितीतरी वेळ माझ्याकडे नुसती बघत राहिली. आनंदाने शब्द फुटेना बिचारीला.
राजीनाम्याचा मसुदा तयार. साहेबांचा चेहरा डोळ्यांसमोर आणून तीनदा वाचला.

२८ एप्रिल, दुपारी ४:१५
संपादिकाबाईंना भेटून आलो. सुचेल तसं लिहितो.
अट एकच आहे. नायक काढायचा. त्याच्यावाचून काही अडत नाही म्हणाल्या. त्यांनी स्वतः तो वगळून वाचून पाहिलं, कथा उलट जोरात पळते.
मी थीमबद्दल बोलायला लागलो. त्यांनी अडवलं नाही. मग पान अठ्ठ्याऐंशी उघडून माझ्यापुढे ठेवलं आणि विचारलं, हे कुठून सुचलं तुम्हाला?
वाचलं. बाई कामावरून घरी येते. दिवसभर उभं राहून पाय भरून आलेले. दाराशी स्टुलावर बसते आणि चपला काढत नाही. चपला काढल्या की दुसरी ड्यूटी सुरू. त्या दहा मिनिटांत ती कोणाचीच कोणी नसते. आतून नवरा विचारतो, आलीस का? आणि उत्तर यायच्या आधीच, जेवायला काय आहे?
स्टूल आमचं होतं. पाय डुगडुगतो म्हणून खाली पुठ्ठ्याची घडी घातली आहे, तीसुद्धा होती.
संपादिकाबाई वाट बघत होत्या. काहीतरी म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, टायपिंगमध्ये झालं असेल.
त्या म्हणाल्या, एकशे चाळीस पानं?

त्याच दिवशी, संध्याकाळी ६
सासूबाईंना जाब विचारला. आवाज चढवायचं ठरवलं होतं, चढला नाही. त्या म्हणाल्या, मी पदरचं एक अक्षर घातलेलं नाही, साक्षीदार बोलली तसं उतरवून घेतलं. मी विचारलं, कोण साक्षीदार? त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. म्हणाल्या, एकोणीस वर्षं एका घरात राहता जावईबापू, आणि हे मला विचारताय?
मग म्हणाल्या, तिने अट घातली होती. तुम्ही एकदा वाचून काय म्हणता ते बघायचं, मग पुढचं. तुम्ही न वाचताच पाठवून दिलंत.
लाज वाटली. दुसरा शब्द शोधत होतो, मिळाला नाही. इतकी वर्षं मला वाटायचं, हिच्या चपलेचं बक्कल घट्ट आहे.

२९ एप्रिल
पहाटे चारला जाग आली. गजराशिवाय. सगळी दोनशे एक पानं वाचली. माझी पानं पटापट उलटली. तिची उलटवेनात. पान एकशे तीसवर ती वेगळी खोली बघून येते. आगाऊ रक्कम देत नाही, पण किल्ली हातात धरून बघते.
ही खोली खरी आहे का, ते विचारायचं धाडस झालं नाही.

३० एप्रिल, सकाळी ११
संपादिकाबाईंना फोन केला. सांगितलं, नायक काढून टाका. लेखक म्हणून माझंही नाव नको. पुस्तक छापायचं का, कोणाच्या नावाने, ते हिला आणि सासूबाईंना विचारा, ती एकशे चाळीस पानं त्यांची. त्यांनी विचारलं, तुम्हाला चालेल ना? मी म्हटलं, चालेल. बोलून झाल्यावर जरा वेळ चाललं नाही.
राजीनामा फाडला. दोन तारखेला आवक-जावक.

संध्याकाळी ८:१०
साडेसातला ही आली. स्टुलावर बसली. डोळे मिटले. मी आतून हाक मारली नाही, बाहेर गेलो. म्हटलं, पान एकशे तीस वाचलं. ती खोली खरी आहे का?
ही डोळे न उघडता म्हणाली, आहे.
म्हटलं, आज स्वयंपाक मी करतो. तू बस. हवा तेवढा वेळ बस.
ही म्हणाली, कुकर कुठे असतो माहीत आहे?
नव्हता माहीत. मग ती तिथूनच सांगत राहिली. खालचा कप्पा. तो नाही, त्याच्या खालचा. डावीकडे. मोठ्या पातेल्याच्या मागे. चपला पायातच होत्या.
कुकर सापडला आहे. झाकण शोधतो आहे.