शेवंतीचा नंबर

मंगळवार, दिवेलागण

लिही गं सूनबाई वहीत, मी बोलते तसंच.

फोन मोरीत पडला, पडदा काळा झाला. भिसेगावच्या दुकानदारानं कॉम्प्युटरला जोडून सगळे नंबर नव्या फोनात आणले. नंबर आले, पण चित्रं नाय आली. मला अक्षर कुठं येतं? दूधवाल्याला म्हैस लावलेली, डॉक्टरला सुई, मोहोपाड्याच्या माझ्या लेकीला शेवंतीचं फूल. नावं घातलीच नव्हती.

मी लेकीशी बोलते हे तुला आज कळतंय, तर कळू दे. तिनं मनानं लग्न केलं म्हणून तिचा बाप तिचं नाव काढू देत नाय. मी गोठ्यात लपून बोलायचे. उद्या सकाळी तिचं ऑपरेशन. दुपारपासून एकेक नंबर लावतेय. म्हैस सापडली, सुई सापडली, शेवंती नाय. पोर काय म्हणेल? आईपण फिरली?

थांबलीस का गं?

"आई, वन्संचा नंबर मला पाठ हाय."

हेपण लिही, लाजू नको. कधीपासून बोलतेस?

"दोन वर्षं झाली. गच्चीवरून."

दोन वर्षं! मी गोठ्यात, ही गच्चीवर, आणि खाली दोघी एका चुलीपुढं गप्प.

वही ठेव. आधी फोन लाव.