कचऱ्याच्या डब्याचं चित्र

अहो,

आत्ता दाराची कडी वाजली. वाटलं तुम्हीच आलात, पण वारा होता.

मी नर्सिंगच्या प्रवेशासाठी जालन्याला चालले आहे, तनूला सोबत घेऊन. संध्याकाळच्या गाडीनं परत घरी, परतूरला येते. आत्याबाईंची भाकरी झाकून ठेवली आहे, वरण तेवढं गरम करून द्या.

कॉम्प्युटरच्या फाइल मॅनेजरमध्ये मी पेनड्राइव्हवरच्या फोल्डरांना चित्रं लावली, ती आत्याबाईंना वाचता येत नाही म्हणून. शेताच्या कागदांना कापसाचं बोंड, त्यांच्या दवाखान्याच्या कागदांना गोळ्यांचं पाकीट. तेव्हाच माझ्या फॉर्मच्या फोल्डरला कचऱ्याचा डबा लावला, म्हणजे तुम्ही मायलेक उघडणार नाही. परवा तुम्ही म्हणालात, "किती कचरा साठवलास, जल्दी काढून टाक." मी मान हलवली. "पोरगी मोठी होऊ दे, मंग बघू," म्हणालात तेव्हाही अशीच हलवली होती, आणि फॉर्म तर आधीच भरला होता. चुकलं माझं. तोंडावर सांगायची हिंमत झाली नाही.

आत्ता प्रिंट काढायला तो डबा उघडला तर फॉर्मवरचा माझा फोटो दिसला. मांडीवरची तनू विचारते आहे, "आई, तुला कचऱ्यात कुणी टाकलं?"