सही जुळेल असा पेन

गुरुजी, गेल्या आठवड्यात मी नगरला जाऊन शाईचा पेन विकत घेतला. आपण गेल्याला इतकी वर्षे झाली की, आपल्याला वर्गावर पाहिलेली माणसेही गावात मोजकीच उरली आहेत. तरी ही गोष्ट आपल्यावाचून कोणाला सांगण्यासारखी नाही. माझा उजवा हात थरथरतो. आमच्या बँकेतील बाईंनी पैसे काढण्याची माझी स्लिप दुसऱ्यांदा परत केली आणि नम्रपणे विचारले, "बाबा, सही जुळत नाही. अंगठा देता का?" मागे रांग होती. मी स्लिपची घडी घालून खिशात ठेवली आणि बाहेर आलो. शिक्षण चौथीपर्यंतच झाले असले, तरी मी आजवर कोठेही अंगठा उमटविलेला नाही.

दोष पेनाचा असावा, असे मी ठरविले. पत्नीचे डोळे तपासायचे होतेच. एसटीच्या पाटीवर आता अहिल्यानगर लिहिलेले असते. आम्ही दोघे मात्र अजून नगरच म्हणतो. दवाखान्यात तिच्या डोळ्यांत थेंब घालून तिला डोळे मिटून बसविले. मी चपला पायांत सरकविल्या, तशी ती डोळे न उघडताच म्हणाली, "जावा. पेनाचीच दुकानं धुंडायला निघालात न्हवं? येताना केळी आना."

कापडबाजारातल्या पहिल्या दुकानदाराने शाईच्या पेनाचे नाव काढताच हसून जेलचा पेन पुढे केला. "हा घ्या बाबा, लोण्यासारखा चालतो." काउंटरवरच्या वहीत लोकांनी पेन चालवून पाहिलेल्या रेघा होत्या. त्यांच्याखाली मी माझे नाव लिहिले. ते पाहिले, पान फाडले आणि खिशात घातले. असे नाव परक्या दुकानात मागे ठेवून येणे मला प्रशस्त वाटले नाही. दुसऱ्या दुकानात पेन काचेच्या कपाटात होते. "आधी किंमत बघा, मग टोपण काढतो," असे तेथील मालक म्हणाले. मी किंमत न पाहताच पायरी उतरलो.

चौथीनंतर वडिलांनी मला शेतावर घेतले, तेव्हा आपण मला याच कापडबाजारात आणले होते. आपण काउंटरशी उभे आहात, एकेक पेन शाईत बुडवून माझ्या हाती देत आहात. मी तो आवळून धरतो. "अरे, पेन धर, त्याचा गळा धरू नकोस!" आपण खेकसता, आणि दुकानदाराला हसू आवरत नाही. मग आपण माझ्याकडून माझे नाव वडिलांच्या नावासह संपूर्ण लिहवून घेता आणि म्हणता, "ही तुझी सही. कोणी अंगठा मागितला, तर हात मागे घ्यायचा." त्या दिवशी आपण घेऊन दिलेला काळा पेन मी झिजेपर्यंत वापरला.

तिसरे दुकान एक बाई चालवीत होत्या. त्यांनी न विचारता मला स्टूल दिले, पेनात शाई भरली आणि कागद स्वतः दाबून धरला. मी लिहिले. पुन्हा लिहिले. निब गुळगुळीत होते, शाई एकसारखी उतरत होती, आणि माझे नाव तरीही हेलकावे खात होते.

"वाचता येतंय की स्वच्छ," त्या म्हणाल्या. "बँकेत नवी सही नोंदवा ना. माझ्या सासऱ्यांची तशीच केली."

"माणसाची सही एकच असते, बाई," मी म्हणालो.

"आणि फोटो? तो तर नवा लावता!"

मी पेन घेतला. केळी विसरलो, त्याबद्दल परतीच्या एसटीत पाथर्डी रस्ताभर पत्नीचे बोलणे ऐकून घेतले.

काल बँकेत नव्या सहीचे कार्ड मागितले. त्यावर तीन वेळा सही करायची असते. नवा पेन काढून, श्वास रोखून मी तिन्ही जागा भरल्या. बाईंनी कार्ड बराच वेळ पाहिले. "बाबा, ह्या तिन्ही एकमेकींशीच जुळत नाहीत हो," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. शाईचा पॅड त्यांच्या कोपराशी होता. त्यांनी त्याला हात लावला नाही. तो मीच ओढून घेतला.

घरी आलो तेव्हा पत्नी ओट्यावर बसून नव्या चष्म्यातून तांदूळ निवडीत होती. तिने माझ्या निळ्या अंगठ्याकडे पाहिले, मग माझ्या खिशाकडे.

"नवा पेन गळतो जनू," ती म्हणाली, आणि तांब्या उचलून माझ्या हातावर पाणी घालू लागली.

"हो, थोडा गळतो," मी म्हणालो.

हे पत्र टपालात पडायचे नाही, म्हणून आपल्याला खरे तेच लिहितो. पेन उत्तम आहे, गुरुजी. त्यातून एक थेंबही गळत नाही.