देवाच्या रानाची बातमी

९ नोव्हेंबर १९८६, सकाळ
संकल्प: जंगल वाचवायचे तर आरंभ घरापासून. आजपासून सरपण बंद, गोबर गॅस बसवायचा. सौ. कांताने विचारले, "गोबर कोणाचं?" गाय नाही, हे खरे, पण मुद्दा गौण. तूर्त थंड पाण्याने आंघोळ.

१० नोव्हेंबर
खोकला. बंबात दोन ढलप्या टाकल्या. आपद्धर्म शास्त्रसंमत आहे.

१६ नोव्हेंबर
कोसमटोल्याला गेलो. धानोऱ्यापुढे सायकल, मग पायवाट. गावामागे देवाचं रान. आत कुऱ्हाड नाही, चप्पल नाही. पडलेली काटकीही कोणी चुलीला आणत नाही. सागाचे बुंधे असे, की माझे उपरणे एकालाही पुरेना. पुजारी देवाजी वारल्यापासून त्याची बायको ठमाबाई राखण करते. ती ओरडली, "मोजू नोको ना भाऊ! देवाचं कोणी मोजते का?" तिची नजर चुकवून मोजले. वार्ताहराला आकडे लागतात.
निघताना म्हणाली, "पेपरात नोको देऊ. ज्याले ठावं हाय, त्याले ठावं हाय." मी समजावले, ठेकेदारांपासून रान वाचवायचे तर प्रसिद्धी हेच कवच. म्हणाली, "तुमी शिकेल माणसं, भाऊ." याला मी संमती समजतो.

२३ नोव्हेंबर
बातमी आली! तीन कॉलम. संपादकांनी कालिदासी उपमा तेवढ्या कापल्या. गावाचे नाव, वाट आणि बुंध्यांचा घेर ठेवला. कांता म्हणाली, "पत्ता छान दिलाय." तिने माझ्या लेखनाची केलेली पहिली प्रशंसा.

४ डिसेंबर
एसटी स्टँडवर लाकडाचा एक ठेकेदार भेटला. खिशातून माझ्या बातमीचे कात्रण काढले. "पंडितजी, काय लिवता! पण त्या वाटेनं ट्रक जाते का?" म्हटले, नाला आटला की जाईल. त्याने आग्रहाने चहा पाजला. म्हणजे व्यापारी वर्गातही जागृती होते आहे.

१९ डिसेंबर
बाजारात ठमाबाईचा भाऊ इसरू भेटला. म्हणे, "झाडायले पांढरे पट्टे मारून राह्यले. नंबर टाकून राह्यले." म्हटले, घाबरू नका, शासन जागे झाले. संरक्षणासाठी गणना चालली आहे. तो म्हणाला, "मंग मोठ्याच झाडायले काऊन?" ज्येष्ठांचा मान आधी, असे उत्तर दिले. दुसरी बातमी टपालात टाकली: 'देवरानाला अभय'.

२८ डिसेंबर
पुन्हा खोकला. पुन्हा बंब. गोबर गॅस संक्रांतीनंतर नक्की.

११ जानेवारी १९८७
सकाळीच इसरू दारात. बसला नाही, पाणीही घेतले नाही. "भाऊ, चाला." एवढेच. आज शाळेत माझे व्याख्यान होते, विषय 'वनरक्षण आणि गोबर गॅस'. उद्या येतो म्हटले. कांता म्हणाली, "आज जा हो." श्रोते पाच. त्यांतला एक शिपाई, किल्ल्यांसाठी थांबलेला.

१२ जानेवारी
गेलो.
वाटेवर ट्रकच्या चाकोऱ्या. गावामागे नुसते आभाळ.
कटाई रीतसर होती म्हणे, सही-शिक्क्याची. कालच्या दिवसात सगळे उरकले. फांद्या गावाला फुकट सोडून गेले आहेत. कोणी एक काटकी उचललेली नाही. ठमाबाईच्या चुलीत गोवऱ्या जळत होत्या.
ती रानाच्या कडेला बसली होती. मी सवयीने चपला काढल्या. म्हणाली, "राहू द्या भाऊ. आता आत काटे लागन."
मी कायदा, अर्ज, अपील असे काहीतरी बोललो. तिने सगळे ऐकून घेतले. मग विचारले, "आता देवाले कुठी बसवाव? तुमाले ठावं असन. तुमी शिकेल हा."
तिने मला चहा दिला. रागावली असती तर बरे झाले असते.

१२ जानेवारी, संध्याकाळ
घरी आलो. कांताने बंब पेटवून ठेवला होता. तसाच विहिरीवर गेलो आणि अंगावरच्या कपड्यांसकट थंड पाणी ओतून घेतले. कांता पंचा घेऊन उभी होती. कोण गेलं, असे तिने विचारले नाही.