वाटेचे चौकोन

बेव्हर्ली पार्क, मीरा रोड
ता. ९ जानेवारी १९९४

ती. दादास,
धाकट्या उदयचा सप्रेम जयभीम. वि. वि.

पत्र मिळालं. आपल्या टपालाने चाललेल्या लढाईच्या डावातली तुझी चाल वाचून हसू आलं. तू पाच शिपाई ओढ्यातून पार नेलेस, आणि त्या ओढ्यावर पूलच नाही. तुझ्याकडचा बारा नंबरचा चौकोन पुन्हा बघ. गुरुजी होतास तेव्हा असल्या चुकीला पोरांच्या हातावर पट्टी द्यायचास. शिपाई मागे घे, मी थांबतो.

सोबत सहा नवे चौकोन पाठवतोय. भाईंदरच्या आमच्या खोक्यांच्या कारखान्यात पुठ्ठ्याची कात्रणं उरतात, साहेबांना विचारून आणतो. दोन टेकड्या, तीन भातखाचरं, एक बुरूज. वाट प्रत्येक कडेच्या बरोबर मध्यातून बाहेर काढलीय, त्यामुळे कुठलाही चौकोन कुठल्याही चौकोनाला जुळतो. दरवेळी नवं रान मांडता येईल. राजश्री म्हणते, घरभर खळीचा वास आणि पलंगावर डोंगर, माणसांनी झोपायचं कुठं? पण रंग तीच देते.

वहिनींना जयभीम. लोभ आहेच, तो असाच राहू दे.

तुझा
उदय


खैरकोंड, ता. महाड
ता. २ फेब्रुवारी १९९४

चि. उदय यास अनेक आशीर्वाद.

अक्षर तुझ्या आशावहिनीचं आहे, सांगतोय मी. ते शिपाई मी मुद्दाम नेले नाहीत. मला ओढा दिसलाच नाही. महाडच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. शीर सुकलीय, गेलेली नजर परत येत नाही म्हणाले. दिवाळीपासून तुला कळवलं नाही, तू रजा टाकून धावत आला असतास. आता उजेड कुठल्या बाजूला आहे, एवढंच कळतं.

तेव्हा डाव मोडू या. तू जिंकलास असं धर.

एक गोष्ट मात्र जड जाते. संध्याकाळी विहारात वंदना मी घ्यायचो. आता तुझी वहिनी हात धरून नेते आणि लोक बाजूला सरतात. ज्या पोरांना मी रांगेत चालायला शिकवलं, ती मला सांभाळून म्हणतात. त्यांचं काही चुकत नाही. तरी मी जायचं बंद केलंय.

हे लिहू नये असं वहिनीचं म्हणणं होतं. लिहिलंस का विचारलं, तर हो म्हणते. बघू, तिच्यावर विश्वास ठेवतो.

दोघांनी तब्येतीला जपा आणि या थोरल्याची आठवण ठेवा.

तुझा
आत्माराम


मीरा रोड
ता. २० मार्च १९९४

ती. दादास सप्रेम जयभीम.

डाव मोडलेला नाही. सोबतचं पार्सल वहिनींकडून उघडून घे. त्यात अकरा चौकोन आहेत. आपल्या दारापासून विहारापर्यंतचं गाव आहे ते, बोटांनी बघायचं.

वाटेला पॉलिश पेपर लावलाय, खरखरीत लागेल. शेत काथ्याचं. ओढा गुळगुळीत. घरं घडी घालून उभी केलीत. कडेला खाचा आहेत, पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन, म्हणजे क्रम चुकणार नाही. बोटाच्या एका पेराला दहा पावलं धर. सातव्यावर चिंच आहे, आठव्यावर विहाराची चढण. नोकरीला लागल्यापासून गावी चार दिवसांच्या वर राहिलो नाही, पण डोळे मिटले की सगळं जागच्या जागी दिसतं.

बुद्धपौर्णिमेला येतोय. तू पुढे चाल, मी मागून येईन. हात धरणार नाही.

राजश्रीचा जयभीम. माया कमी होऊ देऊ नकोस.

तुझा
उदय


मीरा रोड
ता. १२ जून १९९४

ती. आशावहिनींस उदयचा जयभीम.

बुद्धपौर्णिमेआधीच दादाला पोचवून आलो, त्याला महिना झाला. तुमच्यासमोर सांगायचं राहिलं ते लिहितोय.

चिंचेपाशी गेलो तेव्हा तो रस्ता पाहिला. खडीच्या खाणीचा, डंपर जाण्याइतका रुंद. तो केव्हा झाला मला माहीतच नव्हतं. माझ्या सातव्या चौकोनाला आठवा सरळ चिकटतो, मध्ये काही नाही. दादा माझ्या भरवशावर निघाला आणि त्या रस्त्यावर डंपरखाली गेला. वहिनी, त्याला मी मारलं. इथले सगळे चौकोन कारखान्याच्या रद्दीत टाकले. राजश्रीने अडवलं नाही.

तुम्ही मला काय वाटेल ते बोला, पण उत्तर द्या.

उदय


खैरकोंड
ता. २४ जून १९९४

चि. उदयभाऊजींस आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. तुम्ही समजता तसं नाही.

त्यांना रस्ता माहीत होता. पार्सल आलं त्याच दिवशी मी सांगितलं. त्यांनी वर्तमानपत्राची पट्टी दुमडून सातव्या-आठव्याच्या मध्ये ठेवली आणि मला बजावलं, उदयला कळवू नकोस, त्याने एवढं केलंय, त्याचा हिरमोड होईल. रोज सकाळी अंगणात बसून बोटांनी वाट म्हणायचे, पाढे म्हणावेत तशी. मग बारा दिवस ते पुढे आणि मी मागे. रस्त्याशी थांबायचे, कान द्यायचे, दहा आकडे मोजायचे आणि पार व्हायचे. विहारात पहिल्यांदा एकटे पायऱ्या चढले तेव्हा कुणी सांभाळून म्हटलं नाही. सगळे उठून उभे राहिले. भाऊजी, वंदना घेताना त्यांचा आवाज पूर्वीसारखा लागला होता.

त्या दिवशीही ते थांबले होते. विहाराचा नाथा वरून बघत होता. उतारावर डिझेल वाचवायला डंपरवाले इंजिन बंद ठेवतात. आवाजच नव्हता, ते ऐकणार काय?

तेव्हा तुमच्याकडे दोष नाही. माझं मात्र एक आहे, ते कुणाला सांगितलेलं नाही. मला ताप होता, मी पडून होते. ते दारातून म्हणाले, आज एकटाच जाऊ का? माणूस उंबऱ्यातून निघताना आपण या म्हणतो. सव्वीस वर्षं मी तेच म्हणत आले. त्या दिवशी डोकं ठणकत होतं, मी कूस बदलली आणि म्हटलं, जा.

पाऊस उघडला की येऊन जा असं लिहिणार होते. तोही शब्द खोडते. या, भाऊजी. राजश्रीला घेऊन या.

तुमची वहिनी
आशा